खोटी पुडी, खरी कोठडी

२०२३च्या ऑगस्टअखेरीला, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, श्रीवर्धनच्या जीवना बंदराजवळ समुद्रानं एक गोणी किनाऱ्यावर आणून टाकली. आत पाकिटं, पाकिटांत चरस. मग रोज नवी बातमी! आज मारळ, उद्या दिवेआगर, परवा हरिहरेश्वर. पलीकडे दापोलीच्या किनाऱ्यावर कस्टमनं अडीचशे किलोच्या घरात माल गोळा केला. पोलिसांनी लावलेला भाव होता किलोमागं सुमारे ४ लाख रुपये. ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या बायांपासून बंदरावरच्या खलाशांपर्यंत सगळ्यांना एकच ताकीद मिळाली: गोणी दिसली तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा.

असा माल किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याच्या मागोमाग भामटेही येतातच. मेणात मळलेला मेंदीचा गोळा ‘दर्यावरचा अस्सल माल’ म्हणून एखाद्या पर्यटकाच्या गळ्यात मारायला असा काय वेळ लागतो? मग प्रश्न उभा राहतो: मेंदी विकणाऱ्यावर ड्रग्जचा गुन्हा लागतो का? उत्तर एका ओळीत मावत नाही. पण उत्तराच्या वाटेवर जे काही सापडतं ते इतकं भन्नाट आहे की वाचायलाच हवं.

आधी खऱ्या मालाचं गणित

अमली पदार्थांचा आपला मुख्य कायदा १९८५चा. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ला तो लागू झाला. त्यात शिक्षा वजनावर ठरते. चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर ‘अल्प मात्रा’, म्हणजे एक वर्षापर्यंत कैद. १ किलोच्या वर गेला की ‘व्यावसायिक मात्रा’: किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०, वर १ ते २ लाख दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत.

आता श्रीवर्धनला वाहून आलेलं पाकीट आठवा. एकेक पाकीट साधारण किलो-सव्वाकिलोचं. म्हणजे वाळूत पडलेलं एक पाकीट उचलून घरात लपवलं की माणूस थेट २० वर्षांच्या कलमात जातो. ‘मी विकत घेतलं नाही, सापडलं’ एवढ्यावर सुटका नाही. या कायद्यात माल ताब्यात सापडला की ‘मला ठाऊक होतं’ असंच कोर्ट गृहीत धरतं आणि ठाऊक नव्हतं हे आरोपीला सिद्ध करावं लागतं, तेही संशयाला जागा न ठेवता.

आणि मेंदीचा गोळा?

एनडीपीएसला परिशिष्ट आहे, व्याख्या आहेत, पदार्थांची यादी आहे. मेंदी त्यात नाही. मीठ नाही, तुरटी नाही, खडूची पूडही नाही. प्रयोगशाळेनं ‘चरस आढळला नाही’ असं लिहून दिलं की एनडीपीएसचं मुख्य कलम तिथंच गळून पडतं. काही देशांत ‘नकली ड्रग विकणं’ असा स्वतंत्र गुन्हा आहे, तसा आपल्याकडे नाही.

पण विकणारा मोकळा सुटत नाही. तो फसवणुकीत अडकतो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं ४२० कलम आता ३१८ झालं. त्याच्या चौथ्या पोटकलमात ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गिऱ्हाईक स्वतः बेकायदा वस्तू घ्यायला आलं होतं, म्हणून त्याला फसवण्याची मुभा कुणाला मिळत नाही.

गिऱ्हाइकाची गत मात्र बिकट. पैसे परत मागायला दिवाणी कोर्टात जावं, तर १८७२च्या करार कायद्याचं २३वं कलम आडवं येतं: बेकायदा हेतूचा करार रद्दबातल. पोलिसांकडे जावं, तर पहिलाच प्रश्न येणार, ‘तुम्ही नेमकं काय विकत घ्यायला गेला होता?’ नकली माल विकणाऱ्याचा धंदा चालतो तो या गप्प बसण्यावर. तक्रार येणार नाही याची त्याला खात्री असते.

तापाची नकली गोळी जास्त महाग

ही तुलना मला सगळ्यात बोलकी वाटते. दुकानातून विकलेलं नकली औषध, अगदी साधी तापाची गोळीसुद्धा, १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात येतं. २००८च्या दुरुस्तीनंतर नकली औषध विकल्याची शिक्षा किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्या औषधानं जीव जाण्यासारखं असेल तर सुरुवातच १० वर्षांपासून. नकली चरसाला जास्तीत जास्त ७! कायद्यानं रुग्णाला जास्त जपलं, हे योग्यच झालं. पण नकली पुडी घेणारा पोरगाही शेवटी काहीतरी अनोळखी वस्तू अंगात घालत असतो. तो मेला तर सदोष मनुष्यवधासारखी कलमं लागू शकतात. पण ती लागतात माणूस गेल्यावर.

शंभर किलो अजिनोमोटो

मार्च २०१५. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातलं कण्हेरी गाव. मुंबईच्या मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराच्या गावच्या घरातून शंभर किलोहून जास्त पांढरी पूड जप्त झाली. पोलीस ठाण्यातल्या त्याच्या कपाटातही पूड सापडली. मेफेड्रॉन, अर्थात एमडी, असा गाजावाजा झाला. वेळही अशी की मेफेड्रॉन एनडीपीएसच्या यादीत आलंच होतं फेब्रुवारी २०१५मध्ये, जेमतेम महिन्यापूर्वी. त्याआधी मुंबईत ‘म्याव म्याव’ नावानं ते राजरोस विकलं जायचं आणि पोलिसांना हा कायदा लावताच येत नव्हता. पदार्थ खरा, नशा खरी, पण यादीत नाव नाही.

या प्रकरणात नेमकं उलटं झालं. यादीत नाव आलं, आणि पुढं प्रयोगशाळेच्या तपासणीत पूड निघाली अजिनोमोटो! मोनोसोडियम ग्लुटामेट, चायनीजच्या गाडीवर चिमटीनं टाकतात तेच. मेफेड्रॉनची व्यावसायिक मात्रा अवघी ५० ग्रॅम आहे. त्या हिशेबानं शंभर किलो म्हणजे व्यावसायिक मात्रेच्या दोन हजार पट. अजिनोमोटोची व्यावसायिक मात्रा मात्र कायद्यात नाहीच. प्रकरणाचा डोलारा ज्या पुडीवर उभा होता, ती पुडीच बदलली.

भेसळ मात्र पूर्ण वजनात धरतात

इथं वाचकानं जरा थांबावं, कारण इथं कायदा अगदी वेगळं वळण घेतो. शंभर टक्के खोटा माल असेल तर एनडीपीएस लागत नाही. पण ९८ टक्के खोटा आणि २ टक्के खरा असेल तर?

२००८मध्ये ई. मायकेल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की निव्वळ अमली पदार्थाचं वजन धरा, भेसळ वजा करा. एप्रिल २०२०मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हे मत रद्द केलं. आता संपूर्ण मिश्रणाचं वजन धरतात. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यावसायिक मात्रा २५० ग्रॅम. ४ ग्रॅम हेरॉइन ३०० ग्रॅम पिठीसाखरेत कालवलं, तर कायद्याच्या तराजूत ते ३०४ ग्रॅमचं प्रकरण झालं. एक वर्षाचा गुन्हा थेट २० वर्षांच्या कप्प्यात!

न्यायालयाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. रस्त्यावर शुद्ध माल कुणी विकतच नाही. भेसळीसकटच तो गिऱ्हाइकाच्या नसेत जातो. पण विकणाऱ्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ फार गमतीदार होतो. पैसे वाचवायला जितकी साखर घालाल, तितकी शिक्षा वाढते. आणि साखरच साखर विकाल, तर शिक्षा एकदम उतरते.

रिकामा खिसा आणि शिवपुरींची बॅग

आता एक नाजूक प्रश्न. विकणाऱ्यालाच माहीत नसेल की माल खोटा आहे, तर? त्याला कुणी टोपी घातली, तो खराच चरस समजून मेंदी विकतोय, मग?

याचं बीज दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळात आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ‘प्रयत्न’ समजावून सांगायला एक छोटं उदाहरण दिलं होतं: एकानं दुसऱ्याच्या खिशात हात घातला, खिसा रिकामा निघाला, तरी चोरीचा प्रयत्न झालाच. न्याय संहितेच्या ६२व्या कलमात हा रिकामा खिसा आजही जसाच्या तसा आहे. शिवाय एनडीपीएसच्या २८व्या कलमात प्रयत्नालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. त्यामुळे मनात खरा माल विकायचा हेतू असणाऱ्यानं ‘शेवटी निघाली मेंदीच’ म्हणून निर्धास्त राहू नये. जाणूनबुजून खोटं विकणारा भामटा फसवणुकीत जातो. खरं समजून विकणाऱ्यावर प्रयत्नाचं कलम लावता येईल का, यावर वकिलांना तासन्‌तास भांडता येईल.

इंग्लंडमध्ये हे भांडण एका भारतीय नावावर जाऊन मिटलं. शिवपुरी नावाच्या गृहस्थांना एक बॅग ताब्यात घ्यायचं काम मिळालं होतं; मोबदला हजार पौंड. कस्टमनं धरल्यावर त्यांनी सरळ कबूल केलं की आत हेरॉइन किंवा गांजासारखं काहीतरी आहे असं मला वाटत होतं. तपासणी झाली. आत निघाली तपकिरीसारखी निरुपद्रवी पाल्याची पूड! तरीही १९८६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं शिक्षा कायम ठेवली. त्यासाठी लॉर्ड्सना वर्षभरापूर्वीचा आपलाच निकाल फिरवावा लागला. स्वतःची चूक इतक्या लवकर, इतक्या स्वच्छपणे मान्य करणारं न्यायालय विरळाच.

त्याआधी १९७६मध्ये इंग्लंडमध्येच आणखी एक खटला झाला. एकानं एलएसडी देऊ केलं, प्रत्यक्षात दिलं भलतंच रसायन. कोर्ट म्हणालं, ‘देतो’ असं म्हटलं तिथंच गुन्हा पूर्ण झाला. पुडीत काय होतं ते गौण.

कॅनडात मेंदीलाही चरसाचीच शिक्षा

कॅनडाच्या कायद्यात सोय अगदी सरळ आहे. एखादी वस्तू अमली पदार्थ ‘म्हणून’ विकली, की ती अमली पदार्थच समजायची. प्रयोगशाळा काय म्हणते याची विकणाऱ्याला मदत होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्येही तसंच. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी नकली ड्रगवर वेगळे कायदे केले. त्यांची पार्श्वभूमी म्हणजे १९८०च्या सुमाराला तिथं कॅफीन आणि इफेड्रिन भरलेल्या, हुबेहूब ड्रगसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला होता. शाळाकॉलेजातली मुलं त्या नकली गोळ्यांना सरावायची. मग कधी खरी हाती आली की तितक्याच गोळ्या तोंडात टाकायची. नकली मालाला कडक कायदा का हवा, याचं इतकं पटणारं कारण मला दुसरं सापडलेलं नाही.

आज तर पारडं पूर्ण उलटलंय. अमेरिकेत नकली गोळ्यांत फेंटानिल हे जहाल अमली रसायन असतं, आणि नकली गोळीच जास्त मारते.

न्हावा-शेव्याचा उलटा खेळ

खोटं खऱ्याच्या वेषात विकलं जातं, हे झालं. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात याच्या बरोब्बर उलटं चालतं: खरं खोट्याच्या वेषात येतं. इथली वेषांतरं पाहून थक्क व्हायला होतं.

ऑगस्ट २०२०मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं इथं १९१ किलो हेरॉइन पकडलं. कागदोपत्री होती आयुर्वेदिक औषधी, अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेली. माल भरला होता प्लॅस्टिकच्या नळ्यांत, आणि नळ्यांना रंग असा दिला होता की वाटावेत बांबूचे तुकडे! २०२१च्या जुलैत हेरॉइन आलं शंखजिऱ्याच्या खड्यांआडून, पावणेतीनशे किलोंहून जास्त. २०२२च्या सप्टेंबरात दिल्ली पोलिसांनी इथलाच एक कंटेनर उघडला. २० टनांहून जास्त ज्येष्ठमध, आणि त्या काड्यांवर हेरॉइनचा लेप. अंदाजे ३४५ किलो. त्या काड्यांवरचं हेरॉइन नुसत्या नजरेला दिसावं तरी कसं? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन निघालं.

मेफेड्रॉनचा वेष वेगळाच. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांना ते मिठाच्या पाकिटांत सापडलं. आणि रायगडात तर कारखानाच: डिसेंबर २०२३मध्ये खोपोलीजवळ ढेकू गावच्या हद्दीत रायगड पोलिसांनी एमडीचं उत्पादनच पकडलं.

या किनाऱ्यावर इतकी करडी नजर का, ते जुन्या माणसांना विचारायला नको. १९९३च्या बाँबस्फोटांतलं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरलं होतं, आणि त्या प्रकरणात पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७; तपासात ती ओमानच्या बाजूनं भरकटत आल्याचं निघालं, पण एक दिवस सगळा जिल्हा श्वास रोखून होता.

पुडी ते सीए रिपोर्ट

खरं-खोटं ठरतं कसं? पोलिसांकडं तपासणीचं छोटं किट असतं. नखावर मावेल एवढा नमुना, दोन थेंब रसायन, आणि रंग पाहायचा. अफू-हेरॉइनच्या कुळातल्या पदार्थावर मार्क्विस नावाचं रसायन टाकलं की जांभळा रंग उमटतो. पण हा रंग केवळ इशारा असतो, पुरावा नसतो. २०१५च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरलँडोत एका ज्येष्ठ माणसाच्या गाडीत पांढरे कण दिसले. किटनं दोनदा सांगितलं, मेथाम्फेटामिन. माणसानं सुमारे दहा तास कोठडीत काढले. प्रयोगशाळेत निघाला डोनटवरचा साखरेचा पापुद्रा! शहरानं त्याला ३७,५०० डॉलर भरपाई दिली.

म्हणून आपल्याकडे नमुना जातो प्रयोगशाळेत. पंचनामा होतो, वजन होतं, लाखेचं सील बसतं, पंचांच्या सह्या होतात, मुद्देमाल नोंदवहीत चढतो. २०२२च्या नव्या नियमांप्रमाणं नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे: अफू, गांजा, चरसाचे २४ ग्रॅम, बाकी पदार्थांचे ५ ग्रॅम, आणि प्रत्येकाची दुसरी प्रत. मग मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी रासायनिक विश्लेषण. तिथून येतो तो अहवाल. कोर्टात, पोलीस ठाण्यात, वकिलांच्या तोंडी त्याचं नाव एकच, ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल. नियमात मुदत १५ दिवसांची आहे. अहवालावर आक्षेप असेल तर फेरतपासणीचा अर्जही १५ दिवसांत करायचा, आणि तोही अगदी अपवादात्मक कारण असेल तरच मान्य होतो. हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ठाणा सिंग खटल्यात सांगितलं.

त्या १५ दिवसांना एवढं महत्त्व का? कारण व्यावसायिक मात्रा असेल तर एनडीपीएसचं ३७वं कलम जामीन जवळजवळ अडवूनच धरतं. पूड खरी की खोटी हे ठरेपर्यंत माणूस आत असतो. मुंबईत २०२१मध्ये दोनशे किलोच्या घरातल्या गांजाचं एक प्रकरण गाजलं. तपासायला पाठवलेल्या १८ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत गांजा आढळलाच नाही. आरोपीला जामीन मिळेपर्यंत आठ महिने उलटून गेले होते.

बहात्तर दिवस

केरळमधलं चालकुडी. फेब्रुवारी २०२३. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एका बाईच्या पर्समध्ये आणि स्कूटरवर एलएसडीचे १२ स्टॅम्प सापडले. स्टॅम्प म्हणजे टिपकागदाचे बारीक तुकडे, ज्यावर एलएसडी शोषलेलं असतं. एलएसडी इतकं जहाल की त्याची व्यावसायिक मात्रा एक दशांश ग्रॅम आहे. बाई तुरुंगात गेल्या. पार्लर बंद पडलं. गावात जे व्हायचं ते झालं. मे महिन्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला, स्टॅम्पमध्ये एलएसडी नाहीच. तोवर त्यांचे ७२ दिवस तुरुंगात गेले होते. पुढं उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला.

तपास पुढं सरकला तेव्हा उघड झालं की स्टॅम्प मुद्दाम ठेवले होते आणि खबरही मुद्दाम दिली होती. आणि ज्यानं हे स्टॅम्प खरे समजून विकत आणले, त्यालाही विकणाऱ्यानं नकली माल दिला होता! नकली ड्रग विकणाऱ्या त्या अज्ञात भामट्यानं कुणाचं भलं करायचं मनात आणलं नव्हतं; पण स्टॅम्प खरे निघाले असते तर त्या बाई आज कुठं असत्या, या विचारानं पोटात गोळा येतो.

खोटी खबर देऊन अटक घडवणाऱ्याला एनडीपीएसच्या ५८व्या कलमात २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कलमात, विनाकारण छळायला झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला ६ महिने किंवा १ हजार रुपये दंड. हजार रुपये! १९८५मध्येही तो आकडा जरब बसवणारा नव्हता, आज तर मुळीच नाही. दिलासा इतकाच की न्याय संहितेच्या २४८व्या कलमात गंभीर गुन्ह्याचा खोटा आरोप करणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कॅनडासारखं कलम आपल्याकडे आणावं का, यावर चर्चा जरूर व्हावी. पण माझं मत विचाराल तर त्याआधी प्रयोगशाळांना माणसं आणि यंत्रं द्या. १५ दिवसांत अहवाल खरोखर हातात पडला, तर खोट्या पुडीपायी खरं आयुष्य सडणार नाही.

उलटी, तीही नकली

कोकणच्या किनाऱ्यावर नकली मालाचा आणखी एक बाजार आहे: व्हेल माशाची ‘उलटी’, म्हणजे अंबरग्रिस. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा मेणचट गोळा अत्तराच्या धंद्यात सोन्याच्या भावानं जातो. भारतात त्याचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंद आहे. तो विकणारी टोळी पकडल्याची बातमी अधूनमधून येते, किंमत कोटींत सांगितली जाते. आणि पुष्कळदा गोळा निघतो मेणाचा. मग वन्यजीव कायदा बाजूला पडतो आणि पुन्हा तीच फसवणूक, तेच ३१८. वाघनखांचं तसंच, बैलाच्या शिंगातून कोरलेली वाघनखं विकणारे कमी नाहीत.

ज्यात पुडीच नाही ते ड्रग

सगळ्यात नवा प्रकार तर मेंदीचाही खर्च वाचवतो. फोन येतो: ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये एमडीएमए सापडलंय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय.’ पार्सल नाही, पूड नाही, पोलीसही खरा नाही. भीती तेवढी खरी, आणि बँकेतून गेलेले पैसे खरे. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. तोतयेगिरी, लोकसेवकाचं सोंग, फसवणूक, सगळी कलमं इथं एकदम लागतात. फोन ठेवायचा आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर लावाल तितकी ते गोठवता येण्याची शक्यता जास्त.

पुडीत असतं तरी काय?

नकली म्हणजे निरुपद्रवी, हा समज सगळ्यात घातक. कोकेनमध्ये लेव्हामिसोल सापडतं, जनावरांच्या पोटातले जंत मारायचं औषध. त्यानं माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. हेरॉइनमध्ये पॅरासिटॅमॉल आणि कॅफीन हे नेहमीचेच. टाल्कम पावडर शिरेतून गेली तर तिचे कण फुप्फुसात जाऊन बसतात. आणि विकणाऱ्याला स्वतःला माहीत नसतं की मागच्या हातानं काय कालवलंय. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली तेव्हा हेच चित्र होतं. त्या लाटेत पोरं वाहून जाताना पाहून अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, आणि १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, पाठीशी पु. ल. देशपांड्यांची मदत.

या कायद्यात एक कलम असं आहे, जे प्रत्येक आईबापाला पाठ असायला हवं, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक असतं. कलम ६४अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि त्यानं स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायची तयारी दाखवली, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. विक्रीची खबर द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाची ‘मानस’ हेल्पलाइन १९३३. आणि किनाऱ्यावर गोणी दिसली, तर ११२. पोलीस येईपर्यंत लांब उभं राहायचं, पाकीट उघडून वास घेऊन पाहायचं नाही.